वाचकांची प्रश्नोत्तरे : पळवून नेणारा नायक आवडतो कसा?

प्रश्न : माझी भाची रोह्याहून मेमूने पनवेलला कॉलेजला जाते. गाडीत बसली की मोबाइलवर इंग्रजी कादंबरी उघडते. त्यातला नायक माफिया टोळीचा म्होरक्या. तो नायिकेला पळवून नेतो, कोंडून ठेवतो आणि शेवटी तिचं त्याच्यावरच प्रेम बसतं! भाचीने ती रात्रभर जागून संपवली. तिच्या मैत्रिणीने तीच कादंबरी अर्ध्यावर टाकली आणि दोन दिवस अस्वस्थ होती. एकाच पुस्तकाने असं दोन टोकांचं कसं होतं? मी काळजी करावी का?
— एक मावशी, रोहा

उत्तर : मावशी, दोघींना जे वाटलं ते खरंच आहे. या प्रकाराला ‘डार्क रोमान्स’ म्हणतात. यातल्या बऱ्याच पुस्तकांत आरंभीच इशारा असतो, की आत अपहरण, हिंसा, जबरदस्ती आहे. पण या प्रकाराचा एक अलिखित करारही असतो, तो म्हणजे शेवट गोड होणार. हा क्रूर माणूस एका बाईपुढे नमणार, हे नायिकेला ठाऊक नसतं, वाचणारीला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. तेवढ्या भरवशावर ती भीतीच्या खोलीत शिरते. नको वाटलं तर पुस्तक मिटणं तिच्याच हातात असतं. तुमच्या भाचीला हा भरवसा पुरला. मैत्रिणीला पुरला नाही, कारण तिला नायिकेच्या जागी खरीखुरी मुलगी दिसली.

हे नवीन नाही. ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची ‘द शेख’ 1919 साली आली. तिच्यात वाळवंटातला सरदार नायिकेला पळवतो, तिच्यावर जबरदस्ती करतो आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. पुस्तक तडाखेबंद खपलं. 1921 मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा मूकपट निघाला, त्यात जबरदस्तीचा भाग मात्र सौम्य केला होता.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनाच गाठून विचारलं, तुम्ही या का वाचता? तिचं पुस्तक 1984 चं. बायकांचं म्हणणं असं, की घरातल्या सगळ्यांचं करता करता वाचनाची ती वेळ तेवढी आमची स्वतःची असते. बलात्कार कथेत नकोच, असंही त्यांतल्या बहुतेकींनी बजावलं होतं. म्हणजे प्रेमकथेच्या पक्क्या वाचक असलेल्या बायकाही याबाबत हळव्या होत्या.

पोलंडच्या ब्लांका लिपिन्स्का यांची ‘365 दिवस’ ही कादंबरी 2018 ची. माफियाचा म्होरक्या नायिकेला डांबतो आणि प्रेमात पडायला वर्षाची मुदत देतो. 2020 मध्ये तिच्यावरचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला आणि जगभर पाहिला गेला. त्याच वर्षी डफी या वेल्श गायिकेने नेटफ्लिक्सच्या प्रमुखांना उघड पत्र लिहिलं. तिचं स्वतःचं अपहरण झालं होतं, तिच्यावर बलात्कार झाला होता. अपहरणाला असा शृंगाराचा साज चढवू नका, असं तिचं सांगणं होतं. ते पत्र मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. ज्यांनी हे भोगलंय त्यांच्यापर्यंतही ही गोष्ट पोचते, हे लिहिणाऱ्याने विसरता कामा नये.

आता आपल्याकडचं बघा. मुलीचं लग्न जमावं म्हणून आपल्या घरांत ‘रुक्मिणी स्वयंवरा’चं पारायण होतं. एकनाथांनी ते 1571 साली काशीत पूर्ण केलं. तेही हरणच. पण त्याआधी रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडलेलं आहे. भाऊ मला शिशुपालाला द्यायला निघालाय, तू येऊन मला ने, असं तिने स्वतः कळवलंय. रथ तिच्या बोलावण्यावरून आला. मला वाटतं, या कादंबऱ्यांवरून वाचकांत जी फूट पडते ती इथेच. नायिकेने मनातून का होईना बोलावणं धाडलंय असं जिला जाणवतं, तिला प्रेमकथा दिसते. जिला तसं जाणवत नाही, तिला कोंडलेली मुलगी दिसते. भाचीशी बोलायचंच असेल तर इथून सुरुवात करा. ‘कसलं घाणेरडं वाचतेस’ म्हणालात तर ती मोबाइल उलटा ठेवेल, वाचणं थांबवणार नाही. ‘तिने शेवटपर्यंत नाहीच म्हटलं असतं तर त्याने काय केलं असतं?’ असं विचारा आणि ती काय सांगते ते शांतपणे ऐका. ती अठराची झाली नसेल, तर ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत हे मात्र स्वच्छ सांगा.

एक गोष्ट तिला जरूर सांगा. रेशमी सूट घातलेला, जखमी मनाचा म्होरक्या कादंबरीत शोभतो. आपल्या रायगड जिल्ह्याने टोळ्यांचं खरं रूप बघितलंय. फेब्रुवारी 1993 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. सोन्या-चांदीच्या चोरट्या मालासाठी रुळलेल्या वाटा आणि विकली गेलेली माणसं टोळीला आयती मिळाली. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते, पोलीसही होते. भाचीचा जन्म नंतरचा, तिला हे घरातल्या कुणीतरी सांगायला हवं. कादंबरी वाचू नये म्हणून नव्हे. माफिया म्हटल्यावर इटलीतला वाडा आठवतो, तसा आपला किनाराही आठवावा म्हणून.

प्रश्न : अशा पुस्तकांवर बंदी का नाही? मराठीत असं काही घडलं आहे का?
— एक ग्रंथालय सभासद, पेण

उत्तर : घडलं आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, तरी 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. न्यायमूर्तींनी सुटे उतारे न धरता अख्खी कथा तपासली. समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत, आणि तरुणांच्या हाती या विषयाचं कितीतरी इतर साहित्य आहेच, हेही त्यांनी लक्षात घेतलं.

माझं मत बंदीच्या विरोधात आहे. मोबाइलवरच्या पुस्तकाला बंदी पोचतही नाही. ग्रंथालयाने करण्यासारखं काम वेगळं आहे. ही पुस्तकं घेतलीच तर मोठ्यांच्या कपाटात ठेवावीत आणि आतला इशारा मराठीत लिहून मुखपृष्ठाच्या आत चिकटवावा. वाचून झाल्यावर कुणाला बोलावंसं वाटलं तर महिन्यातून एक संध्याकाळ बायका-मुलींसाठी मोकळी ठेवावी. ज्यांनी पुस्तक अर्ध्यावर टाकलं त्यांना त्या दिवशी आधी बोलू द्यावं.