डोळा वळेना, तर दुर्लक्ष नको



उसाचा पोंगा वाळला म्हणजे आपण नुसता पोंगा उपटून स्वस्थ बसत नाही. बुडाशी खोडकिडा आहे का, ते पाहतो. डोळ्याचेही तसेच आहे. दोष दिसतो डोळ्यात, पण मूळ कधी कधी मेंदूत असते.

प्रत्येक डोळा 6 स्नायूंवर फिरतो. मेंदूकडून येणाऱ्या 3 नसा ते चालवितात. मेंदूत गाठ वाढली की कवटीत दाब वाढतो. त्या दाबाने डोळा कानाकडे वळविणारी नस दुबळी पडते, डोळा बाहेर वळत नाही आणि एकाचे दोन दिसू लागतात.

घरी एक परीक्षा करा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दोनाचे एक दिसले, तर बिघाड दोन्ही डोळ्यांच्या मेळात आहे. झाकूनही दोनच दिसले, तर बहुधा मोतीबिंदूसारखा डोळ्याचाच दोष असतो.

घाबरू नका. चाळिशीनंतर मधुमेह, रक्तदाब यांनीही असे होते. दर वेळी गाठच असते असे नाही. तरी डॉक्टरांना दाखवाच. सोबत सकाळी डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणे असेल, किंवा लेकराचा डोळा नव्याने तिरळा झाला असेल, तर ‘तिरळा डोळा भाग्याचा’ म्हणत घरी बसू नका. पापणी एकाएकी खाली पडली तर लगेच दवाखाना गाठा. फडात मण्यार चावल्यानेही असे होते.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. नुसते चष्मे बदलून दिवस घालवू नका. आणि दोन दिसत असताना ट्रॅक्टरवर मुळीच बसू नका.

— ऊस विकास अधिकारी