'फ्लाय'च्या पलीकडची सात क्रियापदे

इयत्ता आठवी-नववीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते. ढग, धूर, पान, घार, फुलपाखरू, हेलिकॉप्टर या सर्वांसाठी विद्यार्थी 'फ्लाय' हे एकच इंग्रजी क्रियापद योजतात. मराठीत लिहिताना मात्र त्यांचे ढग तरंगतात, फुलपाखरू भिरभिरते, घार घिरट्या घालते आणि सुगंध दरवळतो. म्हणजे उणीव निरीक्षणाची नाही. फरक मुलांना ठाऊक आहे. तो इंग्रजीच्या तासालाही सोबत न्यावयाचा असतो, हे त्यांना सांगावे लागते. मराठी माध्यमातील मुलांच्या मनात इंग्रजीची जी धास्ती बसते, तिचे एक मूळ येथे आहे असे आमचे मत आहे. म्हणून या लेखात सात क्रियापदांचा विचार वांगणी परिसरातील उदाहरणांनी करू.

उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात आणि मुले जिला 'म्हातारी' म्हणतात ती हवेत तरंगू लागते. ती अलगद वर राहिली आहे, एवढेच 'फ्लोट' सांगते. झुळकेसरशी ती बांधापलीकडे निघाली, की क्रियापद 'ड्रिफ्ट' होते. कारण आता तिला वारा नेत आहे. हा भेद पाण्यावर अधिक स्पष्ट होतो. २७ जुलै २०१९ रोजी पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुखरूप सुटका झाली, हे आपणां सर्वांस स्मरत असेल. अशा पुरात बचावपथकाची बोट 'फ्लोट' करते आणि वाहून आलेला ओंडकाही 'फ्लोट' करतो. 'ड्रिफ्ट' मात्र ओंडकाच करतो. बोटीची दिशा ती चालविणाऱ्याच्या हाती असते.

वाऱ्यासोबत गंध, धूर किंवा दूरचा स्वर हळुवारपणे येतो, तेव्हा 'वॉफ्ट' वापरावे. 'दरवळणे' त्याच्या जवळचे आहे. पण मराठीत स्वर दरवळत नाही, इंग्रजीत तो 'वॉफ्ट' करतो. सायंवंदनेचा स्वर शेतापर्यंत पोहोचतो, तेथे हेच क्रियापद शोभते. वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. हवेतील हालचाल केवळ डोळ्यांनीच कळते असे नाही, हे त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांना वेगळे समजावून द्यावे लागू नये.

फुलपाखराचे भिरभिरणे आणि ध्वजाचे फडफडणे या दोहोंसाठी 'फ्लटर' चालते. त्यात लहान, जलद आणि अस्थिर हालचाल असते. भाताच्या खाचरावर चतुर जागच्या जागी पंख हलवीत अधांतरी राहतो, तेथे 'हॉवर' हवे. कागदी विमान बळ न लावता सरळ व संथ पुढे सरकते, ते 'ग्लाइड'. घार तापलेल्या हवेच्या आधाराने पंख न हलविता उंच उंच जाते, ते 'सोअर'.

या शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. 'फ्लोट' मूळचे पाण्यावरचे क्रियापद. 'फ्लटर' त्याच कुळातले. त्याचा जुना अर्थ लाटांवर इकडेतिकडे हेलकावणे असा होता. 'वॉफ्ट' तर व्यापारी जहाजांना संरक्षण देत सोबत नेण्यासाठी वापरले जाई. पुढे वाराही गंधाला तसाच सोबतीने नेऊ लागला. 'ड्रिफ्ट'चे नाते 'ड्राइव्ह'शी, म्हणजे हाकण्याशी आहे. मराठीतही तसेच घडले. तरंग म्हणजे लाट. तिच्यावरून 'तरंगणे' आले आणि आपण ते ढगांनाही लावले. दोन्ही भाषांनी हवेसाठी पाण्याकडून शब्द घेतले. दोन दूरच्या समाजांनी एकच गोष्ट सारख्याच रीतीने पाहिली, हे मुलांच्या ध्यानी आले की परकेपणा बराच ओसरतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'विहरणे' या शब्दासाठी मुले कधी कधी 'ड्रिफ्ट' लिहितात. ते योग्य नाही. 'विहरणे' आणि 'विहार' यांचा धातू एकच आहे. पालीत 'विहरति' म्हणजे राहतो, वास करतो. भिक्खू चारिका करीत ते स्वतःच्या निश्चयाने, आणि वर्षावासात थांबत तेही निश्चयानेच. मराठीत विहरणारा पक्षीही स्वेच्छेने फिरतो. 'ड्रिफ्ट'मध्ये स्वेच्छा नाही. म्हणूनच ध्येयाविना दिवस घालविणाऱ्या तरुणासाठीही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. आपण त्याला 'भरकटला' म्हणतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नसले तरी हा अभ्यास घरी घेता येईल. पान गळताना, चुलीचा धूर निघताना मुलाला मराठीतच विचारावे : हे आपल्या बळाने जाते आहे की वारा नेतो आहे? एका जागी आहे की पुढे सरकते आहे? वर चढते आहे की खाली येते आहे? संथ आहे की थरथरते आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मुलाजवळ असतील, तर योग्य इंग्रजी शब्द देणे हे आम्हां शिक्षकांचे काम. शब्द शब्दकोशात सापडतात. पाहण्याची सवय मात्र घरातून, शेताच्या बांधावरून यावी लागते, आणि ती आपल्या मुलांपाशी मुळातच आहे. माजी विद्यार्थ्यांनीही सुट्टीत वसतिगृहास भेट देताना लहानग्यांशी हा खेळ अवश्य खेळावा.