कुंपणासाठी देणगी

चि. मुक्तास,



तुझी मेल दोनदा वाचली. प्राणिसंग्रहालयाची निधी उभारणी आणि बाहेरच्या जगाशी असलेले सगळे संबंध तुझ्या हाती आले, आणि लगेच विश्वस्तांपैकी एका गृहस्थांनी पांडाचा विषय काढला. ‘एक जोडी आणा, पैशांचं मी बघतो.’ आता हो म्हणावं की नाही, असं तू विचारलं आहेस. प्राण्यांतलं मला फारसं कळत नाही. माझी नोकरी सगळी एका धर्मादाय इस्पितळासाठी देणग्या गोळा करण्यात गेली. पण देणगीदार पुण्यातला असो की अमेरिकेतला, त्याला आपलं नाव नव्या इमारतीवर हवं असतं, गटाराच्या दुरुस्तीवर नको असतं. तेव्हा हे पत्र जरा लांबेल.

आधी अमेरिकेतल्या सॅन डिएगोची गोष्ट. १९१५-१६ साली तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर पिंजऱ्यांतले प्राणी मागे राहिले. हॅरी वेगफोर्थ नावाच्या शल्यचिकित्सकाने १९१६ मध्ये तिथल्या सिंहाची डरकाळी ऐकली आणि गावाला प्राणिसंग्रहालय हवं, असं मनावर घेतलं. पैसे मागण्यात हा माणूस पटाईत होता. त्याची एक गोष्ट अजून सांगितली जाते. जॉन स्प्रेकल्स हे तिथलं बडं प्रस्थ, घराणं साखरेच्या धंद्यातलं. आपल्याकडे त्यांना साखरसम्राटच म्हटलं असतं. हत्तींसाठी पैसे मागितले तेव्हा ते थट्टेने म्हणाले, हत्ती पांढरे असतील तर देतो. वेगफोर्थने हत्तींना पांढरी पावडर फासली आणि स्प्रेकल्सना बघायला बोलावलं. ते पोट धरून हसले आणि पैसे दिले.

ही गोष्ट निधी उभारणीच्या प्रशिक्षणात कोणीही रंगवून सांगेल. मला मात्र त्याच संग्रहालयाची दुसरी देणगी मोठी वाटते. वृत्तपत्रांच्या व्यवसायात पैसा मिळवलेल्या एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या वयस्क बाईंनी संस्थेला बरंच काही दिलं, आणि त्यात एक कुंपण होतं. संग्रहालयाच्या सगळ्या आवाराभोवती कुंपण! कुंपण झालं म्हणून दार झालं, दार झालं म्हणून तिकीट लावता आलं, आणि तिकीट लागलं म्हणून संस्थेला रोजचं उत्पन्न सुरू झालं. हत्तींसाठी पैसे देणारा स्प्रेकल्स एखादा भेटतोच. कुंपणासाठी कोणाकडे जायचं आणि ते कसं मागायचं, हे ज्याला कळतं तो खरा निधी उभारणारा. तुझ्या हुद्द्याचं मोल त्यात आहे.

आता पांडा. फिनलंडमध्ये अ‍ॅहतारी नावाचं लहानसं गाव आहे, लोकवस्ती जेमतेम काही हजारांची. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या प्राणिसंग्रहालयात चीनहून लुमी आणि प्यूरू अशी पांडाची जोडी आली. करार १५ वर्षांचा होता. त्यांच्या घरासाठी ८० लाख युरोंहून अधिक खर्च झाला. त्यापुढे चीनला द्यायची रक्कम धरून दर वर्षी सुमारे १५ लाख युरो लागत होते. मग कोविडची साथ आली, पर्यटक आटले, महागाई वाढली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये करार संपायला आठ वर्षांहून अधिक काळ शिल्लक असताना दोघांची परत पाठवणी झाली. पांडाचा यात काही दोष नाही. पांडाची जोडी विकत मिळत नाही. ती भाड्याने येते, आणि अमेरिकन संग्रहालयांनी अशा जोडीमागे वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत मोजलेले आहेत. तुझे विश्वस्त ‘पैशांचं मी बघतो’ म्हणतात ते आणण्याच्या पैशांचं, का सातव्या वर्षीच्या बांबूचं, हे त्यांनाही बहुधा ठाऊक नसावं.

मात्र लोकांना ओढणारा प्राणी आणूच नये, असंही मी म्हणणार नाही. आपली राणीची बागच घे. २०१६ मध्ये तिथे सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक दगावला आणि वर्तमानपत्रांनी महापालिकेला धारेवर धरलं. भायखळ्याच्या दमट हवेत थंड देशाचा पक्षी कशाला, हा प्रश्न रास्तच होता. (हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, हे कोणी फारसं ऐकून घेतलं नाही.) पण २०१७ मध्ये कक्ष खुला झाला तसे लोक लोटले, आणि पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं तरी यायचे थांबले नाहीत. फरक इतकाच की राणीच्या बागेमागे महापालिका उभी आहे. पेंग्विनच्या कक्षाचं वातानुकूलन बंद पडलं तर बिल कोण भरणार, हे तिथे ठरलेलं असतं. तुझ्या संस्थेत ते बिल तुझ्या टेबलावर येईल.

म्हैसूरचं उदाहरण तुला जवळचं वाटेल, कारण ते संग्रहालयही मुख्यतः तिकिटावर जगतं. १८९२ साली चामराज वाडियारांनी सुरू केलेली ही बाग आता कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीत फाटक बंद झालं आणि उत्पन्न एका दिवसात थांबलं. वाघाला मात्र टाळेबंदी कळत नाही, त्याला मांस लागतंच. त्या वेळी देणग्या आल्या, लोकांनी प्राणी दत्तक घेतले. हे साधलं, कारण दत्तक योजना तिथे कितीतरी वर्षं आधीपासून रुळलेली होती. माणसं वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या पक्ष्याचा वर्षाचा खर्च उचलत होती. त्याच म्हैसूरमध्ये सॅली वॉकर या अमेरिकन बाईंनी ‘फ्रेंड्स ऑफ म्हैसूर झू’ उभी केली होती आणि पुढे १९८५ मध्ये ‘झू आउटरीच’ ही संस्था काढली. प्राणिसंग्रहालयाला गावात मित्र लागतात, हे त्यांनी आपल्याकडच्या संग्रहालयांना फार आधी दाखवून दिलं.

मित्र कशासाठी लागतात, ते अमेरिकेतल्या सिनसिनाटीएवढं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १८७५ पासूनचं हे संग्रहालय. जगातलं शेवटचं प्रवासी कबुतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच मेलं. २८ मे २०१६ ला तीन वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या खंदकात पडला. हरांबे हा १७ वर्षांचा नर त्याला पाण्यातून ओढू लागला, आणि संस्थेच्याच पथकाने त्याला गोळी घातली. पुढे जे झालं ते तुझ्या पिढीला सांगायला नको. संचालक थेन मेनार्ड पत्रकारांसमोर उभे राहिले. गुंगीच्या इंजेक्शनचा परिणाम व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्राणी बिथरू शकतो, हे त्यांनी सांगितलं. काहींना पटलं, बऱ्याच जणांना नाही. इंटरनेटवर टवाळीला इतका ऊत आला की ऑगस्टमध्ये संस्थेने आपली ट्विटर खाती बंद केली. बाहेरच्या संबंधांचं काम करणाऱ्या माणसासाठी याहून वाईट उन्हाळा असू शकत नाही.

आणि त्याच संग्रहालयात २४ जानेवारी २०१७ रोजी फियोना जन्मली. पाणघोड्याचं पिल्लू, सहा आठवडे आधी आलेलं, वजन अवघे २९ पौंड, म्हणजे १३ किलो. पाणघोड्याचं नवजात पिल्लू एरवी याच्या दुपटीचं तरी असतं. धड उभं राहता येईना, आईचं दूध पिता येईना. असं पिल्लू वाचेल याची खात्री कोणी दिली नसती. अशा वेळी जनसंपर्क खात्याचा जुना शिरस्ता म्हणजे गप्प बसणं: वाचलं तर बारसं करायचं, नाही वाचलं तर चार ओळींचं पत्रक. हरांबेनंतर तर तोंड मिटून बसायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं. त्यांनी उलटं केलं. वजन किती वाढलं, किती पाजलं, आज तब्येत का खालावली, हे चित्रफितींसह रोजच्या रोज सांगत राहिले. फेब्रुवारीत पिल्लाच्या अंगातलं पाणी कमी झालं आणि शीर सापडेना, तेव्हा शहरातल्या लहान मुलांच्या इस्पितळातून बारीक शिरांत सुई घालणारं पथक आलं. दुधाचं मिश्रण कसं असावं, हे ठरवायला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन प्राणिसंग्रहालयाची मदत झाली.

पिल्लू जगलं. गावातल्या आइस्क्रीमवाल्यांनी तिच्या निमित्ताने आइस्क्रीम काढलं, पुस्तकं निघाली. पण मुक्ता, ते इस्पितळाचं पथक नीट लक्षात ठेव. असा दूरध्वनी करता येतो तो आधीची ओळख असली तरच. बाहेरचे संबंध म्हणजे पत्रकारांना चहा पाजणं नव्हे. इस्पितळ, अग्निशमन दल, शाळा, पाणीपुरवठा खातं, यांतल्या कोणालाही रात्री अकराला फोन केला तर समोरचा माणूस नावाने हाक मारेल, एवढी ये-जा असणं.

पुढचं तुझ्या खात्याचं. २०१८ च्या जूनमध्ये सिनसिनाटीने १५ कोटी डॉलरची निधीमोहीम जाहीर केली, आणि जाहीर करतानाच त्यातले ५ कोटी हॅरी आणि लिंडा फाथ या दांपत्याकडून आलेले होते. अशा मोहिमांची रीतच ही आहे: मोठ्या देणग्या आधी शांतपणे, एकेका घरी बसून ठरवायच्या, आणि मग लोकांसमोर जायचं. त्या पैशांतून काय केलं? सर्वांत मोठं काम होतं संग्रहालयात आधीपासून असलेल्या आशियाई हत्तींसाठी पाच एकरांचं नवं आवार. ते १५० व्या वर्षी, २०२५ मध्ये, खुलं झालं. डब्लिनहून आणखी चार हत्ती आले. त्यांतल्या दोघांची नावं संजय आणि कबीर आहेत, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. ‘आपल्याकडे आहेत त्यांना नीट जागा द्या’ या मागणीवर एवढी रक्कम उभी राहू शकते, हे तुझ्या विश्वस्तांना आवर्जून सांग. शिवाय तिथल्या हॅमिल्टन काउंटीचे मतदार ठरावीक वर्षांनी मालमत्ता करातून संग्रहालयाला पैसे देण्यावर मत देतात. म्हणजे बाहेरच्या संबंधांची तिथे मतपेटीतून परीक्षाच होते.

खरं बोलल्याने लोक खूश होतात, अशा समजात मात्र राहू नकोस. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या संग्रहालयाने मारियस नावाचा दीड वर्षाचा धडधाकट जिराफ मारला. त्याचा वंश युरोपातल्या प्रजनन कार्यक्रमात आधीच भरपूर असल्याने पुढे जवळच्या नात्यांत पिल्लं होण्याची भीती होती. लहान मुलांसह प्रेक्षकांसमोर त्याचं विच्छेदन केलं आणि मांस सिंहांना घातलं. जगभरातून शिव्या आल्या, कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या. बेंग्ट होल्स्ट हे तिथले शास्त्रीय प्रमुख वाहिनीवर बसून शांतपणे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत राहिले. मला तो निर्णय अजूनही पचत नाही. पण त्यांनी काही लपवलं नाही, आणि डेन्मार्कात बऱ्याच जणांनी त्यांची बाजू घेतली. तुझ्याकडे असा प्रसंग आला तर देणगीदारांना बातमी वर्तमानपत्रातून कळता कामा नये. ज्याने तो प्राणी दत्तक घेतला असेल त्याला आधी फोन, आणि तो तू स्वतः करायचास, सहायकाने नव्हे.

गंमतीच्या मोहिमा करायला हरकत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स संग्रहालयात २०११ पासून व्हॅलेंटाइन डेला झुरळाला आपल्या माणसाचं नाव देता येतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत जुन्या प्रियकराचं नाव दिलेलं झुरळ थेट प्राण्यांना खायला घालतात. यात पैसे थोडे, पण नावं आणि पत्ते पुष्कळ मिळतात. दहा डॉलर देऊन हसलेल्या माणसाला मार्चमध्ये काय लिहायचं, ते जानेवारीतच लिहून ठेव. आमच्या इस्पितळात अशा पावत्यांच्या वह्या कपाटात पडून राहायच्या.

एक गोष्ट कानावर घालते. कोणी मोठा देणगीदार म्हणेल, नातीला वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊ द्या. प्राण्यांच्या राखणदारांना विचारल्याशिवाय ‘बघते’ एवढंही म्हणू नकोस. तुझ्या ‘बघते’चा अर्थ तो ‘हो’ असा घेईल, आणि नकार द्यायची वेळ राखणदारांवर येईल. ती माणसं एकदा दुरावली की कुठल्या पिंजऱ्याचं छत गळतं, हे तुला कोण सांगणार?

तर पांडावाल्या गृहस्थांना नाही म्हणू नकोस. त्यांना जेवायला बोलाव, आणि जाताना दोन कागद ने. पहिल्यावर पांडाचा १५ वर्षांचा खर्च, वर्षवार: भाडं, बांबू, वैद्य, वीज, विमा, आणि गर्दी ओसरल्यावरची तिकिटं. अ‍ॅहतारीचे आकडे शेजारीच मांड. दुसऱ्या कागदावर, तू लिहिलं होतंस ते तुमचं जुनं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र, ज्याच्यावर पाणमांजरं आणि सील दोन्ही अवलंबून आहेत. त्याची किंमत, आणि त्याच्या देखभालीसाठी कायम निधीत किती टाकावं लागेल ती रक्कम. हा दुसरा आकडा वगळायचा मोह होईल, तो वगळू नकोस. मग त्यांना जेवणाआधी यंत्राच्या खोलीत घेऊन जा, आणि माहिती तिथल्या मेकॅनिकला सांगू दे. ते काय म्हणाले ते कळव.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या