ई-मेलच्या तळाशी वैद्याची ओळख : संगणकावर स्वाक्षरी कशी योजावी?

रुग्णाच्या हाती द्यावयाच्या औषधपत्रावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक व पत्ता नसेल तर आपण ते अपूर्ण मानतो. मात्र औषधनिर्मात्यास, औषधी भांडारास किंवा सहव्यवसायी वैद्यास ई-मेल पाठविताना आपल्यापैकी अनेक जण ‘आपला नम्र’ एवढे लिहून थांबतात. ही त्रुटी किती महाग पडू शकते, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो.

मुलुंड (पश्चिम) येथील आमच्या चिकित्सालयात त्वचाविकाराच्या एका रुग्णास शोधनपूर्व स्नेहपान सुरू केले होते. महातिक्तक घृताचा साठा तीन दिवस पुरेल एवढाच होता. म्हणून पहिल्याच दिवशी एका औषधी भांडाराकडे ई-मेलने मागणी नोंदविली. पत्राखाली केवळ आमचे आडनाव होते. भांडाराच्या ग्राहकयादीत त्याच आडनावाचे दुसरे वैद्य मुलुंड (पूर्व) येथे होते. घृत तेथे पोहोचले आणि चूक ध्यानी येऊन ते आमच्याकडे येईपर्यंत पाचवा दिवस उजाडला. वर्धमान मात्रेत चाललेले स्नेहपान सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसण्यापूर्वीच खंडित झाले व रुग्णास सारा क्रम काही काळाने नव्याने आरंभावा लागला. दोष भांडाराचा नव्हता, आमचाच होता.

स्वाक्षरीत काय असावे?

वैद्याच्या स्वाक्षरीत संपूर्ण नाव, नोंदणीकृत पदवी, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक, चिकित्सालयाचा पत्ता, दूरध्वनी व भेटीची वेळ एवढे पुरे. नोंदणी क्रमांक हा केवळ शिष्टाचार नव्हे. २०२० साली आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत औषधपत्र व पावतीप्रमाणेच रुग्णाशी होणाऱ्या ई-मेलसारख्या संपर्कातही हा क्रमांक दर्शविण्याची अपेक्षा आहे.

उपनगरांत पत्ता लिहिताना ‘पूर्व’ वा ‘पश्चिम’ हा शब्द कदापि गाळू नये. रेल्वेमार्गाने आपली गावे दुभंगलेली आहेत आणि पिनकोडही निराळे आहेत : घाटकोपर पश्चिमेस ४०००८६, पूर्वेस ४०००७७, मुलुंड पश्चिमेस ४०००८०, पूर्वेस ४०००८१, बोरिवली पश्चिमेस ४०००९२, पूर्वेस ४०००६६.

औषधी भांडाराच्या मालकांनी दुकानाचे नोंदणीकृत नाव व जीएसटी क्रमांक द्यावा. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असून महाराष्ट्रात त्याचा आरंभ २७ ने होतो. व्यवसाय कंपनीच्या स्वरूपात असल्यास कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता व कंपनी ओळख क्रमांक आवश्यक असतो. ई-मेलमध्येही तो देणे श्रेयस्कर.

कृती

‘थंडरबर्ड’ ही मोझिलाची विनामूल्य प्रणाली वापरणाऱ्यांनी पुढील क्रम अनुसरावा.

१. मेनूतून ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडावे व डावीकडील यादीत आपल्या ई-मेल खात्याच्या नावावर टिचकी द्यावी.

२. उजवीकडे ‘सिग्नेचर टेक्स्ट’ ही चौकट दिसेल. तीत चार ते सहा ओळींत मजकूर लिहावा. आरंभी दोन आडव्या रेघा आपण घालू नयेत. प्रणाली त्या स्वतः घालते व त्यांवरूनच पत्र कोठे संपले हे ओळखते.

३. त्याच खात्याच्या ‘कॉम्पोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग’ विभागात उत्तरे व अग्रेषित पत्रे यांनाही स्वाक्षरी जोडण्याचा पर्याय निवडावा. उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहिण्याची सवय असल्यास स्वाक्षरीही आपल्या उत्तराखालीच येईल असे ठरवावे. अन्यथा ती जुन्या पत्रांच्या तळाशी दडून राहते.

४. स्वतःचे भांडार चालविणाऱ्या वैद्यांनी ‘मॅनेज आयडेंटिटीज’ मधून दोन ओळखी निर्माण कराव्यात, एक वैद्य म्हणून व दुसरी भांडार म्हणून. प्रत्येकीस स्वतंत्र स्वाक्षरी देता येते.

संगणकावरील पारंपरिक ‘आउटलुक’मध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’, ‘सिग्नेचर्स’ या क्रमाने जावे, ‘न्यू’ दाबून स्वाक्षरीस नाव द्यावे व मजकूर लिहावा. त्याच खिडकीत नवी पत्रे आणि उत्तरे यांसाठी ती स्वाक्षरी स्वतंत्रपणे निवडावी लागते. दुसरी निवड विसरल्यास उत्तरे निनावीच जातात.

शेवटी स्वतःलाच एक पत्र पाठवून ते संगणकावर व मोबाइलवर उघडून पाहावे.

पथ्य

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. छपाईसाठीचे जुने फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. नोंदणी क्रमांक बोधचिन्हाच्या चित्रात घालू नये; अनेक प्रणाली बाहेरून आलेली चित्रे आपोआप दाखवत नाहीत.

‘मधुमेहावर हमखास उपाय’ यांसारखी वाक्ये स्वाक्षरीत घालू नयेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थूलता आदी विकार आहेत आणि प्रत्येक पत्राखाली छापला जाणारा असा दावा जाहिरातच ठरू शकतो.

आणखी एक भेद ध्यानात असावा. पत्राखालील ही ओळख म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ती कोणीही टंकू शकतो. म्हणून ई-मेलने औषधपत्र पाठविताना ते रीतसर स्वाक्षरी करूनच जोडावे. आणि भांडारचालकांनीही केवळ तळच्या चार ओळी पाहून नव्या मागणीवर विसंबू नये, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी.

या साऱ्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आमच्या रुग्णाचे स्नेहपान पुढे यथाविधी पूर्ण झाले. परंतु त्याचे वाया गेलेले दिवस आम्ही परत देऊ शकलो नाही. आपल्या रुग्णांवर ती वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.