सराटा आणि सायकल

सायकलचे पंक्चर सर्वांच्या ओळखीचे आहे. ट्यूब नसलेल्या टायरचे लहानसे पंक्चर कसे काढतात आणि ते तसेच का काढावे लागते, हे या पाठात सांगितले आहे.

दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या माळरानावर जा. जमिनीला चिकटून पसरलेली एक वनस्पती तुम्हांला दिसेल. तिची पाने बारीक बारीक आणि फुले पिवळी असतात. दिसायला ती अगदी गरीब. पण तिचे फळ सुकले, की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर दोन लांब, टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एखादा काटा वर तोंड करून बसतोच. हाच सराटा. उर्दूत आपण त्याला गोखरू म्हणतो.

पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर हे कमी पावसाचे तालुके. तेथे सराटा आहे, बाभूळ आहे आणि वेडी बाभूळही आहे. म्हणजे पायवाटेने सायकल चालवणाऱ्याला काट्यांची वाण नाही. सराट्याने तर समुद्रही ओलांडला आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या राज्यांत सायकलस्वार त्याला 'बकरीचे डोके' म्हणतात. त्या तुकड्याकडे नीट पाहिले, तर दोन शिंगांचे डोके खरेच दिसते!

पूर्वी सायकलला पंक्चर होतच नसे, कारण चाकावर भरीव रबर असे. त्यात हवाच नव्हती, मग जाणार काय? पण खडबडीत रस्त्यावर हाडे खिळखिळी होत. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, परंतु त्या काळी ते फारसे चालले नाही. पुढे बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तसाच टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. प्रवास सुखाचा झाला. हवेबरोबर पंक्चरही आले.

ट्यूबचे पंक्चर कसे काढतात, हे तुम्ही दुकानासमोर उभे राहून पाहिले असेल. उस्ताद ट्यूब बाहेर काढतात, हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात ती थोडी थोडी बुडवतात. बुडबुडे आले, की भोक सापडले. ती जागा पुसून, घासून तिच्यावर सोल्यूशन लावतात. येथे घाई करणारा फसतो. सोल्यूशन बोटाला चिकटेनासे झाले, म्हणजेच ठिगळ लावायचे. तोवर उस्ताद टायरच्या आतून जपून हात फिरवतात. काटा आत राहिला, तर नवे ठिगळ लावूनही संध्याकाळी चाक पुन्हा बसते.

आता बिनट्यूबचा टायर पाहू. मोटारसायकल आणि स्कूटरला असे टायर सर्रास असतात. सायकलसाठी मात्र ते १९९९ च्या सुमारास बाजारात आले आणि आजही ते बहुतेक गिअरच्या महागड्या सायकलींनाच दिसतात. यात टायरची कड रिममध्ये घट्ट बसते. रिमवरील आऱ्यांची भोके पट्टी लावून बंद केलेली असतात. हवा टायर आणि रिम यांच्यामध्येच कोंडलेली असते. टायरमध्ये थोडा पातळ रबरी चीक घालतात. तो दुधासारखा पांढरा असतो आणि त्यात बारीक तंतू किंवा कण मिसळलेले असतात.

काटा घुसला, की आतली हवा बाहेर धावते आणि जाताना चीक भोकात ओढून नेते. तंतू भोकात अडकतात, चीक घट्ट होतो आणि वाट बंद होते. म्हणजे जी हवा पळून चालली होती, तिनेच स्वतःच्या वाटेवर बूच मारले! मला या टायरमधील ही गोष्ट सर्वांत गमतीची वाटते.

समजा, तुम्ही माळावरून चालला आहात आणि चाकातून 'सूं' असा आवाज आला. लगेच काटा उपटू नका. आधी पाहा. काट्याभोवती चीक दिसतो, पण हवा जात नाही, असे असेल तर काटाच बुचाचे काम करत आहे. त्याला घरापर्यंत तसाच राहू द्या. हवा जात असेल, तर काटा काढा आणि चाक फिरवून भोक खाली, जमिनीच्या बाजूला आणा. चीक तळाशी साचतो, म्हणून भोकही तळाशी हवे. मिनिट दोन मिनिटे थांबा. पांढरे थेंब येतील, मग थांबतील. नंतर पंपाने हवा भरा आणि थोडे अंतर हळूहळू चालवा.

कधी कधी पांढरा थेंबही येत नाही, नुसती हवा जाते. याचा अर्थ आतला चीक सुकला आहे. तो कायमचा टिकत नाही. काही महिन्यांत वाळतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. म्हणून तीन-चार महिन्यांनी तो तपासावा, कमी झाला असल्यास व्हॉल्व्हमधून पुन्हा भरावा. भरताना तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. कपड्यावर पडला तर ओला असतानाच धुवावा. वाळल्यावर तो निघत नाही आणि घरी बोलणी खावी लागतात, ती वेगळीच.

चीक असूनही भोक बुजले नाही, तर दोरी वापरतात. ही चिकट रबर लावलेली बारीक दोरी असते. साबणाचे पाणी टायरवर टाका. फेस जेथे फुगेल, तेथे खडूने खूण करा. दोरी टोच्याच्या नेढ्यात ओवा आणि टोच्या भोकात सरळ दाबा. दोरीची टोके थोडी बाहेर राहिली, की टोच्या झटक्यात मागे ओढा. टोच्या बाहेर येतो, दोरी आत राहते. बाहेरचे लोंबते टोक कापून टाका. अक्षरशः काट्याने काटा काढला!

हे करताना टायरमधील सगळी हवा जाऊ देऊ नका. एकदा टायरची कड रिमवरून सुटली, की ती पुन्हा बसवायला एकदम जोराची हवा लागते आणि ती हातपंपाने सहसा मिळत नाही. मग दुकान येईपर्यंत सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर नसते. पाथर्डी रस्त्याने चांदबीबीच्या महालाकडे निघालेल्याला चढावर सायकल ढकलणे म्हणजे काय, ते विचारून पाहा. (लोक चांदबीबीचा महाल म्हणत असले, तरी ती सलाबतखानाची कबर आहे.)

रस्त्यावरच्या दुकानात आणखी एक काळजी घ्या. तेथे बहुधा मोटारसायकलची जाड दोरी असते. ती बसवण्यापूर्वी खडबडीत टोच्याने भोक मोठे करतात. मोटारसायकलचा जाड टायर ते सोसतो. सायकलच्या पातळ टायरमधील धागे मात्र तुटतात आणि लहान भोकाचे मोठे भगदाड होते. तेव्हा नम्रपणे विचारावे, "उस्ताद, ही सायकल आहे. बारीक दोरी मिळेल का?" नसेल, तर ट्यूब घालून घेणे बरे. टायरच्या बाजूला चीर पडली असेल, तर दोरीच्या भरवशावर राहू नये. तो भाग चालताना सारखा वाकतो आणि दोरी निसटते. चढावर हवा गेली तर पायपीट होते. उतारावर पुढच्या चाकाची हवा एकदम गेली, तर हातपाय मोडतात.

असा टायर घ्यावा का? माझ्या मते, शाळेत जाण्याच्या साध्या सायकलला ट्यूबच बरी. तिचे ठिगळ गावोगावी मिळते आणि घरीही लावता येते. ज्यांना रोज काट्यांतून लांब जायचे आहे, त्यांना बिनट्यूबचा टायर उपयोगी पडतो. तरीही दूर जाताना त्यांनी एक ट्यूब बरोबर ठेवावी.

ती ट्यूब घालण्याची वेळ आली, तर आधी टायर आतून तपासा. बोट नव्हे, कापड फिरवा. कापड ठिकठिकाणी अडकेल. चिकाने मुकाट्याने बुजवलेले कित्येक काटे तेथे टोके वर करून बसलेले असतात. स्वाराला त्यांचा पत्ताही नसतो. पक्कड घेऊन ते एकेक बाहेर काढा, मगच ट्यूब घाला.

शब्दार्थ
माळरान – ओसाड, मोकळी जमीन. वाण नसणे – कमतरता नसणे. चीक – झाडातून निघणारा किंवा तसा दिसणारा चिकट द्रव. नेढे – सुईचे भोक. गत्यंतर नसणे – दुसरा उपाय नसणे. भगदाड – मोठे भोक.

स्वाध्याय
१. काटा घुसताच तो लगेच का उपटू नये?
२. भोक जमिनीच्या बाजूला का आणावे लागते?
३. 'काट्याने काटा काढणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
४. हवा, दुकान, उस्ताद, तयार हे शब्द उर्दूत आणि मराठीतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
५. तुमच्या शाळेजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जा. तेथील हत्यारांची मराठी नावे विचारून लिहा.