जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. आम्ही दोघे जूनमध्ये प्रथमच निघतोय. तिकिटावर मुंबईहून रात्री 2 ला निघून सकाळी 8.30 ला नेवार्कला पोहोचतो; परतताना दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबईत. हे कसे?
– एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : तिकिटावर त्या-त्या गावचे घड्याळ असते. उन्हाळ्यात नेवार्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. म्हणून जाताना साडेसहात साडेनऊ मिळवा : सोळा तास. येताना चोवीसातून वजा करा : साडेचौदा.

अंतर दोन्हीकडून सुमारे 12,500 किलोमीटरच. फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना मागून ढकलतात. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर अनेक मार्ग लांबले.

तुमचा प्रवास मात्र माजलगावपासून धरा. मुंबईपर्यंतच रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर होतात. त्याच दिवशी धावपळ करू नका, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. आणि तारीख नीट पाहा : रात्री 2 चे विमान म्हणजे आदल्या रात्रीच विमानतळ गाठायचा. यात चुकणारे पुष्कळ आहेत.

बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. सोळा तास बसून राहू नका. अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा. व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला आजच कळवा.