पाळीव सरपटणारे प्राणी : निवड आणि हाताळणी

साप, सरडे, कासवे हा विषय प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाताळावा, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात पडू नये, असे माझ्या एका मैत्रिणीने मला सुचविले. सूचना रास्त आहे. परंतु ज्या दोन प्रसंगांमुळे मी या विषयाकडे वळले ते प्रयोगशाळेत घडलेले नसून थळ येथील आमच्या घराच्या पडवीत घडले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांना पडवी आहे, मागे वाडी आहे, वाडीत नारळाच्या सोडणांचा ढीग आहे, आणि घरात चौदा-पंधरा वर्षांचा एखादा भाऊही आहे. म्हणून हे धाडस.

पहिला प्रसंग तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातला. माझ्या धाकट्या भावाला सोडणांच्या ढिगात करंगळीएवढ्या जाडीचे, तपकिरी रंगाचे, गडद ठिपक्यांचे सापाचे पिल्लू सापडले. त्याने ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले, झाकणाला भोके पाडली आणि बरणी खाटेखाली ठेवली. मला मात्र विश्वासात घेतले. "ताई, आईला सांगू नकोस हं. डुरक्या घोणस आहे, बिनविषारी असतो. मी पाळणार." मी मोबाइलवर दोन चित्रे पाहिली आणि थोरल्या बहिणीच्या अधिकाराने निर्वाळा दिला, "हो, डुरक्याच आहे." त्यानंतर चार दिवस माझा भाऊ त्या बरणीत हात घालून पाण्याची वाटी बदलत होता.

पाचव्या दिवशी आजी केर काढताना खाली वाकली. बरणीतून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज येत होता. तिने बरणी उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाली, "आरं, ह्यो घोणशीचा पोर हाय. ठेव तो खाली." अलिबागहून सर्पमित्र आले, त्यांनीही तेच सांगितले. भावाला काही झाले नाही, हा निव्वळ योगायोग. निर्वाळा मी दिला होता, हे मी घरी सांगायला पुढे कितीतरी दिवस लावले.

येथे भाषेचाही थोडा दोष आहे, असे मला वाटते. 'घोणस' आणि 'डुरक्या घोणस' ही नावे इतकी जवळची आहेत की एक दुसऱ्याचे लहान भावंड असावे असा समज होतो. वस्तुतः दोघांचे कूळच वेगळे. डुरक्या अजगराच्या जवळचा. मान वेगळी दिसत नाही, शेपूट आखूड आणि जाड, अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. घोणशीचे डोके त्रिकोणी, मान त्यामानाने बारीक, आणि पाठीवर काळसर कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा. घोणस अंडी घालीत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आणि सुरुवातीला ती एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्ले देते, आणि पिल्लाला जन्मापासून विष असते. लहान आहे म्हणजे निरुपद्रवी आहे हा हिशेब मांजराच्या पिल्लाला लागू पडेल, येथे नाही. शिवाय पिल्लाच्या अंगावरच्या खुणा ओळखायला सरावलेली नजर लागते. मोबाइलवरचे चित्र आणि खाटेखालची बरणी यांत जे अंतर आहे ते मी त्या वर्षी शिकले.

आता निवडीकडे वळू. 'कोणता प्राणी पाळावा?' या प्रश्नाच्या आधी 'कोणता पाळता येतो?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील साप, घोरपडी आणि कासवे पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीत नाग, घोणस, धामण, घोरपड आणि तारा कासव हे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव घरात ठेवले की लक्ष्मी येते म्हणून ते चोरून विकत घेणारी सुशिक्षित कुटुंबे आहेत. मांडुळाचे तर विचारूच नका. दोन तोंडांचा साप, पैशाचा पाऊस, गुप्तधन, अमुक वजनाचा असेल तर अमुक लाख, अशा बाजारगप्पांवर महाराष्ट्रात किती लोक पकडले गेले हे वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. बिचाऱ्या मांडुळाला तोंड एकच असते. शेपूट बोथट असल्यामुळे ते दुसऱ्या तोंडासारखे दिसते, एवढेच.

उरतात परदेशी प्राणी. इग्वाना, बॉल पायथन, कॉर्न स्नेक, आणि अर्थातच ते लाल कानाचे चिमुकले पाणकासव. यांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापारावरील 'सायटीस' कराराच्या परिशिष्टांत येतात (इग्वाना आणि बॉल पायथन येतात), त्यांची नोंद शासनाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते; २०२४ साली त्यासाठी स्वतंत्र नियम झाले. म्हणजे विकत घेताना पावती व कागदपत्र मागणे हा संकोचाचा विषय नाही. जो दुकानदार कागदाचे नाव काढताच विषय बदलतो त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

कागदानंतर आयुष्य आणि आकार पाहावा. इग्वाना दुकानात वीतभर असतो, वाढला की शेपटीसह पाच-सहा फूट होतो. बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो आणि उंदरांवर जगतो. ते उंदीर घरच्या शीतकपाटात ठेवायला आईची परवानगी आहे का, हा प्रश्न आधीच सोडवावा. माझ्या माहितीतल्या कोणत्याही आईची नाही.

आमच्या घरातला दुसरा प्रसंग पाणकासवाचा. घोणशीच्या प्रकरणानंतर भावाची समजूत काढण्यासाठी एका नातेवाइकांनी त्याला मुंबईच्या दुकानातून दोन रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव आणून दिले. सोबत प्लॅस्टिकची डबी आणि वाळवलेल्या कोळंबीची पुडी. "एवढेच राहते ते," असे दुकानदाराने सांगितले होते. हे असत्य आहे. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. मादी फूटभरापर्यंत वाढते आणि तीस-चाळीस वर्षे जगू शकते. आज आमचे कासव भाकरीएवढे आहे.

पहिल्या वर्षी त्याची पाठ मऊ पडू लागली. आम्ही डबी घरात, नळीच्या दिव्याखाली ठेवीत होतो. सरपटणारे प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करीत नाहीत; ती उन्हातून घेतात. शिवाय उन्हातील अतिनील किरणांवाचून त्यांना 'ड' जीवनसत्त्व बनविता येत नाही, ते नसले की अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच ठिसूळ किंवा मऊ होते. हे किरण खिडकीच्या काचेतून फारसे येत नाहीत. कवच म्हणजे काही टोपी नव्हे, बरगड्या आणि पाठीचा कणा यांचेच ते रूप आहे. त्यावर बोट फिरविलेले कासवाला कळते. आम्ही टब पडवीत आणला, अर्ध्या भागात सावली ठेवली, चढून बसायला एक चिरा ठेवला, आणि नुसत्या कोळंबीऐवजी पालेभाजी देऊ लागलो. पाठ पुन्हा कठीण व्हायला कित्येक महिने लागले.

हाताळणीविषयी आता थोडे. कासव उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या व मागच्या पायांच्या मधल्या भागात, कवचाच्या कडा धराव्यात आणि जमिनीपासून फार वर नेऊ नये; ते पाय झाडते, नखे लागतात आणि आपण दचकून हात सोडतो. उलटे करून गंमत पाहू नये. सरड्याच्या जातीला शेपटीने कधीही धरू नये, पुष्कळ जातींत ती तुटून हातात येते. पाळीव सापाला एका हातात लोंबकळत ठेवू नये. सगळ्या अंगाला आधार मिळाला तर तो शांत राहतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस आणि कात टाकण्याच्या सुमारास, डोळे दुधाळ झालेले असताना, त्याला हात लावू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे साबण. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला त्याचे काही होत नाही, माणसाला जुलाब, ताप होतो, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना तो गंभीर होऊ शकतो. लहान मुले चिमुकली कासवे तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. आमच्याकडे टब मोरीत धुतला जाई, आणि त्याच मोरीत भांडीही घासली जात. आता तो वाडीत धुतात आणि पाणी अळूला जाते.

थळच्या वाचकांसाठी एक परिच्छेद वेगळा लिहायला हवा. आमच्या डोलीत मासळीबरोबर समुद्रसर्पही येतात. वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्यांची खूण. लहान मुले मेलासा दिसणारा साप शेपटीने उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, हे मी स्वतः पाहिले आहे. समुद्रसर्प विषारी असतात. दंश पुष्कळदा दुखतही नाही, काही वेळाने स्नायू आखडू लागतात. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तयार केलेले असते, समुद्रसर्पावर नव्हे. मासळी निवडताना तो दिसला तर काठीने दूर करावा, एवढेच. दंश कोणत्याही सापाचा असो, चिरू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो अवयव न हलविता रुग्णालय गाठावे. जाळ्यात समुद्री कासव आले तर जाळे कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याची भरपाई देण्याची राज्य शासनाची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. माझ्या बाबांना ती मीच सांगितली.

ज्यांना हौस खरोखरच आहे त्यांनी काय करावे? आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. नीलिमकुमार खैरे माथेरानला नोकरीला असताना लोक मारीत असलेले साप पकडून जंगलात सोडू लागले. पुढे १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले, आणि १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. ७२ तासांचा प्रयोग कोणी करावा असे मी म्हणत नाही. पण सर्पोद्यान पाहण्यासारखे आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिवेआगर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे जातात, ती पाहायला तर एस.टी.चे तिकीट पुरते. घरात साप निघाला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. हौस म्हणून बरणी लागतेच असे नाही.

राहिले आमचे कासव. भाऊ आता शिक्षणासाठी बाहेर आहे. गावातल्या तळ्यात सोडून द्या, सुटाल, असे शेजारचे काका दर आठवड्याला सांगतात. ते करता येत नाही. जगातील शंभर अतिशय उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. तळ्यात गेले की बेडूकमासे, पाणवनस्पती सारे खाते, आणि आपल्याकडच्या कासवांची जागा व खाद्य बळकावते. दुकानदार परत घेत नाही, त्याला नाण्याएवढीच हवीत. दोन प्राणिमित्र संस्थांना मी विचारले. त्यांच्याकडे अशी पुष्कळ साचली आहेत. तेव्हा मी मोठा सिमेंटचा हौद मागितला. बाबांनी गणपतीनंतर बांधून द्यायचे कबूल केले आहे. तोवर दर रविवारी टब मी धुते, आणि आजी ओट्यावर बसून विचारते, "बाय, ह्यो अजून किती वरसं जगंल?" मी तीस म्हणून सांगितले आहे. तिने हिशेब केला आणि हौद जरा मोठाच बांधा असे बाबांना सांगितले.